वाचलेलं हाताशी राहावं म्हणून: ऑनलाइन वाचनाची नोंदवही कशी ठेवावी

शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो, असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं. कुठे, कोणी लिहिलं होतं आणि तिथे ‘दिवस’ म्हणजे नेमकं काय धरलं होतं, हे मात्र आठवत नाही. ब्राउझरचा इतिहास चाळावा, तर क्रोममध्ये तो साधारण ९० दिवसांपुरताच असतो. बुकमार्क केलेला असला, तरी ते पान अजून जागेवर असेलच असं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ साली केलेल्या पाहणीत २०१३ मधल्या वेबपानांच्या नमुन्यापैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती.

म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका कसोटीभोवती बांधली आहे: दुवा मेला तरी नोंद वाचून गोष्ट कळली पाहिजे. काय लिहायचं, किती लिहायचं, कुठे ठेवायचं याचे निर्णय या कसोटीवर घासून घेतले की पुष्कळसे आपोआप सुटतात.

आधी दोन याद्या वेगळ्या करा

‘वाचायचं आहे’ आणि ‘वाचलं’ या दोन गोष्टी एकाच ठिकाणी साठवणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. न वाचलेले दुवे भराभर साचतात, त्यांच्या गर्दीत वाचलेल्याच्या नोंदी दिसेनाशा होतात आणि वही उघडणंच नकोसं होतं. न वाचलेल्यासाठी ब्राउझरचे बुकमार्क किंवा ‘नंतर वाचा’ची सोय पुरेशी आहे. तिथलं काही हरवलं तरी फारसं बिघडत नाही. नोंदवहीत मात्र शेवटपर्यंत वाचलेला मजकूरच जाईल, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. अर्धवट वाचलेल्या लेखातलं एखादं वाक्य फार आवडलं, तर ते घ्या, पण ‘अर्धा वाचला’ असं शेजारी स्पष्ट लिहा.

वाचलेलं सगळं टिपायचं नसतं. रोज एक नोंद भरपूर झाली, आठवड्याला तीन झाल्या तरी वही चांगली भरते. निवडीसाठी एक साधा प्रश्न पुरतो: यातली कुठली गोष्ट उद्या कुणाला तरी सांगावीशी वाटेल? एकही नसेल तर लेख चांगला असूनही नोंद करू नका.

कुठे लिहायचं

कागदी वही, साधी मजकूर-फाइल किंवा टिपणांचं अॅप, तिन्ही चालतात. तरी साध्या मजकूर-फाइलला आमचं झुकतं माप आहे, कारण ती कुठल्याही उपकरणावर, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडते. अॅप बंद पडलं की त्यातलं लेखन अडकतं, आणि अॅप बंद पडतात: गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झालं, ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पॉकेट जुलै २०२५ मध्ये.

अॅपच हवं असेल तर आधी परीक्षा घ्या. पाच नोंदी लिहा, त्यांत एक दुवा, एक चित्र आणि भरपूर जोडाक्षरं असू द्या. मग अॅपमधून सगळं बाहेर काढा आणि ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा. अक्षरं नीट दिसली, तारखा टिकल्या, दुवे शाबूत राहिले, तरच पुढे जा. ही परीक्षा पाचशे नोंदी झाल्यावर घेण्यात अर्थ नाही. ऑब्सिडियनसारखी काही अॅप नोंदी मुळातच साध्या मजकूर-फाइलींत ठेवतात, तिथे हा प्रश्न बराच सौम्य होतो.

मजकूर-फाइल वापरणार असाल तर ती यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची सर्वत्र चालणारी पद्धत) स्वरूपात जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. सुरुवातीला महिन्याला एक फाइल ठेवा. प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल करणं पुढे उपयोगी पडतं, पण पहिल्याच आठवड्यात ते केलं तर फाइलींना नावं देण्यातच वेळ जातो. नावात आधी वर्ष, मग महिना, आणि प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल असेल तर मग दिवस: २०२६-०३-१४. असं लिहिलं की नावांचा क्रम लावताना काळाचा क्रमही आपोआप लागतो. १४-०३-२०२६ असं लिहिलंत, तर सगळ्या महिन्यांतल्या चौदा तारखा एका जागी गोळा होतात. अंक देवनागरी घ्या किंवा रोमन, पण एकच घ्या. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं आहेत आणि सरमिसळ झाली की क्रमही बिघडतो, शोधही.

नोंदीत काय असावं

वरच्या भागात ओळखीचे तपशील येतात: वाचल्याचा दिवस, लेखाचं शीर्षक जसंच्या तसं, लेखकाचं नाव, संकेतस्थळाचं नाव, लेख प्रसिद्ध झाल्याची तारीख आणि दुवा. शीर्षक आणि लेखक दोन्ही हवेत. दुवा तुटला तर पान याच दोन गोष्टींवरून पुन्हा सापडतं, कारण अनेकदा लेख त्याच संकेतस्थळावर नव्या पत्त्यावर हललेला असतो. प्रसिद्धीची तारीख लोक हमखास विसरतात. औषधं, कायदे, सॉफ्टवेअर, लोकसंख्या अशा विषयांत आठ वर्षांपूर्वीचा लेख आजचा समजून टिपला, तर ती नोंद पुढे चुकीची माहिती देत राहते. पानावर ‘सुधारित’ अशी वेगळी तारीख असेल तर तीही घ्या.

मग खरा भाग. तो चार तुकड्यांत लिहा: लेखात काय म्हटलं आहे, ते तुमच्या शब्दांत तीन ते सहा वाक्यांत, मूळ लेखातलं एखादं वाक्य, अवतरणचिन्हांत, अक्षरशः जसं आहे तसं, हे का टिपावंसं वाटलं, आणि मनात राहिलेली शंका.

शुक्राचंच उदाहरण घेऊ. ‘शुक्राचा दिवस वर्षापेक्षा मोठा! भारी!’ ही नोंद सहा महिन्यांनी काहीच देत नाही. त्याऐवजी असं लिहा:

*शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला पृथ्वीचे सुमारे २४३ दिवस लागतात, सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे २२५. म्हणून ‘दिवस वर्षापेक्षा मोठा’. पण हा दिवस म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेली एक गिरकी. शुक्र उलट दिशेने फिरतो, त्यामुळे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ सुमारे ११७ दिवसच भरतो.*

*का टिपलं: ‘दिवस’ या शब्दाचे दोन अर्थ असू शकतात, हे पहिल्यांदाच लक्षात आलं.*

*शंका: उलट फिरण्याचं कारण काय मानतात? लेखात नाही.*

*पडताळणी: २४३ × २२५ भागिले (२४३ + २२५) = ११६.८. जुळतं.*

या नोंदीत आकड्यांसोबत एकक आहे, ‘सुमारे’ आहे आणि शब्दाचा अर्थही उलगडलेला आहे. आकडा टिपताना तो कशाचा, कोणत्या वर्षाचा आणि कोणी मोजलेला, या तीन गोष्टी सोबत घ्या. ‘चाळीस टक्के’ एवढंच लिहिलं तर कशाच्या चाळीस टक्के, हे महिन्याभरात विसरायला होतं.

‘का टिपलं’ ही ओळ सगळ्यात आधी गाळली जाते, आणि नंतर तिचीच उणीव सर्वांत जास्त भासते. मजकूर पुन्हा सापडू शकतो. त्या दिवशी तुमच्या डोक्यात त्याचा कशाशी सांधा जुळला होता, ते मात्र दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं. एकच वाक्य लिहा, पण लिहा. ‘रोचक वाटलं’ हे कारण नव्हे. कुठल्या समजुतीला धक्का बसला, कुठल्या कामात उपयोग होईल, आधी वाचलेल्या कशाशी विसंगत आहे, असं काही असू द्या.

लिहिण्याची पद्धत: आधी टॅब बंद करा

लेख वाचून झाला की तो झाका आणि आठवणीतून लिहा. लिहून झाल्यावर पान पुन्हा उघडा, नावं, आकडे, तारखा तपासा आणि चुका दुरुस्त करा. सुरुवातीला हे जड जातं, म्हणून बहुतेक जण लेख शेजारी उघडा ठेवून लिहितात. मग वाक्यं नकळत मूळ लेखाची होतात आणि समजलं किती, हे कळतच नाही.

या पद्धतीला अभ्यासाचा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. नोंदवही आठवड्यानंतरच्याच काळासाठी असते.

वेळ दहा मिनिटं धरा. प्रवासात किंवा कामाच्या मध्ये वाचलं असेल तर पक्की नोंद लगेच होत नाही, तेव्हा फोनवर कच्ची नोंद करा: दुवा आणि ‘का टिपलं’ची एक ओळ. कच्च्याचं पक्कं त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी करा. तीन दिवस उलटले की लेख पुन्हा वाचावा लागतो. तेवढा उत्साह नसेल तर ती कच्ची नोंद सरळ पुसून टाका, साठवत बसू नका.

मूळ वाक्य उतरवताना अवतरणचिन्हं विसरलात, तर काही महिन्यांनी ते वाक्य स्वतःचंच वाटू लागतं. आणि अशी नोंद एखाद्या लेखात वापरली गेली, तर ती नकळत केलेली चोरी ठरते. वाक्य इंग्रजीतून घेत असाल तर मूळ वाक्य आणि त्याखाली तुमचा अनुवाद, असं दोन्ही ठेवा. नुसता अनुवाद ठेवला तर मूळ शब्द हरवतो आणि नुसतं मूळ ठेवलं तर मराठीत शोधताना ते सापडत नाही.

लेखात ‘संशोधनातून दिसलं आहे’ असं असेल तर त्या संशोधनाच्या दुव्यावर एकदा टिचकी मारा आणि निदान सारांश वाचा. मूळ निबंध उंदरांवरचा आणि बातमी माणसांबद्दल, असा फरक दोन मिनिटांत दिसतो. मूळ सापडलं तर त्याचाही दुवा लिहा, सापडलं नाही तर ‘मूळ पाहिलं नाही’ असं लिहा. थोरामोठ्यांच्या नावावर फिरणाऱ्या सुविचारांना तर मूळ ग्रंथ आणि पान मिळाल्याशिवाय वहीत जागाच देऊ नका.

दुवा स्वच्छ करणं आणि पानाची प्रत ठेवणं

कॉपी केलेल्या दुव्याच्या शेवटी बऱ्याचदा लांबलचक शेपूट असतं. प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’ने सुरू होणारे तुकडे तुम्ही कुठून आलात हे मोजण्यासाठी असतात, ते काढून टाका. पण प्रश्नचिन्हानंतरचं सगळंच डोळे मिटून कापू नका, कारण काही संकेतस्थळांवर लेखाचा क्रमांकच तिथे असतो. कापलेला दुवा खासगी विंडोमध्ये उघडून पाहा. तोच लेख उघडला तर काम झालं. खासगी विंडोचा आणखी एक फायदा म्हणजे लॉगिनशिवाय पान दिसतं की नाही, हेही कळतं. लहान केलेले दुवे तर कधीच साठवू नका. ती लहान करणारी सेवा बंद पडली की मूळ पान जिवंत असूनही वाट बंद होते.

महत्त्वाच्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये करून ठेवता येते. ही संस्था १९९६ पासून वेबपानं जतन करते आहे आणि २००१ पासून हा साठा सर्वांसाठी खुला आहे. तिथे ‘पान जतन करा’च्या चौकटीत दुवा टाकला की त्या क्षणीची प्रत तयार होते. तिचा दुवा मूळ दुव्याखाली लिहा. प्रत झाल्यावर ती उघडून पाहणं आवश्यक आहे, कारण लॉगिनमागची पानं, काही परस्परसंवादी आलेख आणि समाजमाध्यमांवरचा मजकूर तिथे नीट उतरत नाही. अशा वेळी स्वतःच्या संगणकावर पीडीएफ करा, किंवा सिंगलफाइलसारखं ब्राउझरला जोडायचं विस्तारक (एक्स्टेन्शन) वापरून संपूर्ण पान एका फाइलीत घ्या. फाइलीचं नाव नोंदीच्या तारखेने सुरू करा, म्हणजे जोडी जुळते. या प्रती तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी आहेत, त्या पुढे वाटण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

स्क्रीनशॉट हा शेवटचा उपाय. चित्रातला मजकूर साध्या शोधात सापडत नाही, आणि फोनमधल्या इतर शेकडो चित्रांत तो कुठला कुठे जातो. घ्यावाच लागला तर त्यातली मुख्य ओळ नोंदीत टंकून घ्या.

मराठीत नोंदी ठेवताना शोध का फसतो

शंभर-दीडशे नोंदी झाल्या की वहीचं खरं मोल शोधात असतं, आणि नेमक्या तिथेच मराठीच्या काही खास अडचणी येतात.

पहिली अडचण सामान्यरूपाची. तुम्ही ‘पाणी’ शोधता, पण नोंदीत ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ लिहिलेलं असतं. साधा शोध ते पकडत नाही. ‘पाण’ एवढंच शोधलं तर दोन्ही सापडतात. म्हणजे शब्दाचा न बदलणारा भाग शोधायचा: ‘घोडा’ऐवजी ‘घोड’, ‘पुस्तक’ मात्र तसंच. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीच्या शेवटी खूणशब्द, म्हणजे विषय सांगणारे एक-दोन शब्द (टॅग), मूळ रूपात लिहिणं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याचा’ यांतला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो: ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे वाटतात. ‘अॅप’ आणि ‘ॲप’चंही तेच: एकात अ आणि त्यावर स्वतंत्र चंद्र, दुसऱ्यात एकसंध अक्षर. फोनचा कळफलक एक प्रकार देतो, संगणकाचा दुसरा आणि कॉपी केलेला मजकूर तिसराच काहीतरी. शोधूनही हमखास लिहिलेली नोंद मिळत नसेल तर आधी हा संशय घ्या. खूणशब्दांत अशी अक्षरं टाळा: ‘वाऱ्याची दिशा’ऐवजी ‘वारा’.

तिसरी अडचण जुन्या पीडीएफची. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची समान अक्षर-संकेतपद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये छापलेल्या मजकुरातून कॉपी केलं की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा येतो. तो तसाच चिकटवू नका. हवा तेवढा मजकूर हाताने टंका. परक्या शब्दांचं लेखनही एकदा ठरवून टाका. ‘इंटरनेट’, ‘इन्टरनेट’ आणि ‘आंतरजाल’ हे तीन खूणशब्द झाले तर एकाच विषयाच्या तीन कप्प्यांत नोंदी विखुरतात.

खूणशब्द आणि सूची

एका नोंदीला जास्तीत जास्त तीन खूणशब्द. वापरलेल्या सगळ्या खूणशब्दांची यादी फाइलीच्या माथ्यावर ठेवा आणि नवा शब्द घालण्याआधी ती बघा. ‘रोचक’, ‘माहितीपूर्ण’, ‘इतर’ असे शब्द निरुपयोगी, कारण ते प्रत्येकच नोंदीला लागू पडतात. वर्षभरात एकदाच वापरला गेलेला खूणशब्द काढून टाका किंवा दुसऱ्यात मिसळा.

कागदी वहीसाठी सूचीची फार सुंदर सोय आहे, आणि ती तीनशे वर्षांहून जुनी आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी टिपणवहीच्या सूचीची पद्धत १६८६ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केली, ती इंग्रजीत १७०६ साली आली. विषयशब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यातला पहिला स्वर, या दोनच गोष्टींवरून पानाचा क्रमांक कुठे लिहायचा ते ठरतं. देवनागरीला हे चपखल बसतं, कारण आपला स्वर अक्षराला लागूनच असतो.

वहीची शेवटची समोरासमोरची दोन पानं राखून ठेवा. प्रत्येक पानावर १३ आडव्या ओळी आखा, म्हणजे एकूण २६: पहिली स्वरांनी सुरू होणाऱ्या शब्दांची, मग क, ख, ग, घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त, थ, द, ध, न, प, फ, ब, भ, म, य, र, ल, व, श-ष, स, ह. प्रत्येक ओळीचे पाच उभे कप्पे करा: अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. ‘पाणी’ची नोंद पान ३७ वर असेल, तर प च्या ओळीत अ-आच्या कप्प्यात ३७ लिहा. ‘पुरातत्त्व’ त्याच ओळीत उ-ऊमध्ये, ‘कीटक’ क च्या ओळीत इ-ईमध्ये. जोडाक्षराने सुरू होणारा शब्द पहिल्या व्यंजनाच्या ओळीत घ्या: ‘प्रकाश’ प, अ-आ. पानांना क्रमांक मात्र वही सुरू करतानाच घाला.

पुन्हा वाचणं

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं काढून त्या आठवड्याच्या नोंदी वाचा. तीन कामं करायची: न समजणारं वाक्य दुरुस्त करा, ‘शंका’ची एखादी ओळ घेऊन तिचं उत्तर शोधा, आणि जुन्या नोंदीशी नातं दिसलं तर तिची तारीख इथे लिहा. दोन्ही नोंदींत एकमेकींची तारीख हवी, एकीतच असेल तर उलट दिशेने वाट सापडत नाही. एखादी नोंद पुढे चुकीची ठरली तर पुसू नका. खाली तारीख घालून दुरुस्ती लिहा, म्हणजे समज कधी आणि कशामुळे बदलली तेही दिसतं.

मध्येच महिनाभर खंड पडला, तर त्या काळातलं वाचन आठवून भरत बसू नका. बहुतेक वह्या तिथेच कायमच्या थांबतात. आजची तारीख घाला आणि आज वाचलेलं लिहा.

प्रती

मजकूर-फाइलींच्या तीन प्रती हव्यात: रोजच्या उपकरणावर एक, वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर एक, आणि घराबाहेर किंवा ऑनलाइन साठ्यात एक. दोन उपकरणांत आपोआप जुळणी होत असेल तर तिला सुरक्षित प्रत समजू नका, कारण चुकून पुसलेली फाइल जुळणीमुळे दोन्हीकडून जाते. आजारपण, पैसे किंवा दुसऱ्या माणसांबद्दल काही लिहिलं असेल तर ऑनलाइन साठ्यात जाणारी प्रत पासवर्डने बंद करा आणि तो पासवर्ड दुसरीकडे लिहून ठेवा. कागदी वहीच्या भरलेल्या पानांचे फोटो महिन्याच्या शेवटी घेतले तरी पुरे. दर तीन महिन्यांनी जतन केलेल्या प्रतीतली एखादी जुनी फाइल दुसऱ्या उपकरणावर उघडा, एक नोंद शोधून काढा, तिची जोडाक्षरं नीट दिसतात का आणि सोबतची पीडीएफ उघडते का ते पाहा.